ग्राइंडरचं कोटेशन मागवताय? आधी कानाचा हिशोब करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपचं भांडवल बघितलं. शेड, वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, कटिंग मशीन, कॉम्प्रेसर, लाइटचं डिपॉझिट, सगळं आलं. त्यात मी एक वाक्य घाईत बोलून गेलो, "कामगारांच्या कानाची सोय पहिल्या दिवसापासून ठेवा." ते वाक्य दोन मिनिटांत उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून आज फक्त त्याच विषयावर लिहितोय.

हा विषय मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच चुकीतून शिकलो. ती चूक आधी सांगतो.

"साठ" सांगितले, "आठ" झाले

ट्रेनिंगच्या कामात येण्याआधी सांगलीजवळ कुपवाडला माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड होतं. गेट, ग्रिल, शेडचे ट्रस, कंपन्यांचे ब्रॅकेट अशी कामं चालायची. सहा माणसं होती. त्यातले एक वयाने मोठे फिटर, सगळे त्यांना मामा म्हणायचे. हातात कला अशी की मार्किंग न करता कापलेला अँगलही काटकोनात बसायचा.

एका सकाळी मी दारातूनच ओरडून सांगितलं, "मामा, दुपारपर्यंत साठ पीस पाहिजेत." मामांनी मान हलवली. दुपारी पार्टीचा टेम्पो दारात उभा आणि टेबलावर आठ पीस! मी सगळ्यांसमोर मामांना बोललो. "लक्ष कुठं असतं तुमचं?" हे माझे शब्द. त्यांनी उलट उत्तर दिलं नाही. खाली मान घालून पुन्हा कापायला बसले.

नंतर आठवून बघितलं तेव्हा लक्षात आलं, की खुणा कधीपासूनच दिसत होत्या. मामा प्रत्येक गोष्टीला "हो हो" म्हणायचे. फोन आला की दुसऱ्याच्या हातात द्यायचे. चहाच्या वेळी गप्पांत बसायचे नाहीत. त्यांच्या मिसेस एकदा म्हणाल्या होत्या, "घरी टीव्ही लावला की शेजारच्यांना बातम्या कळतात." आम्ही हसलो होतो.

मग पाइपचा बंडल उतरवायचा दिवस आला. टेम्पोतून बंडल घसरला. चार जण "सरका, सरका!" म्हणून ओरडले. मामांची पाठ होती, ते हलले नाहीत. हेल्परने त्यांचा शर्ट धरून मागे ओढलं, आणि ते जिथे उभे होते तिथे पाइप आदळले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ऑडिओमेट्री केली, म्हणजे काचेच्या खोलीत बसवून वेगवेगळे बारीक-जाड आवाज ऐकवतात आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगतात. आलेख बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काम कसलं करता?" दुसरं वाक्य होतं, "जे गेलंय ते परत येणार नाही. उरलंय ते सांभाळा."

जाता जाता मी माझीही तपासणी करून घेतली. माझ्या डाव्या कानाच्या आलेखात तोच खड्डा सुरू झालेला होता. मला काहीही जाणवत नव्हतं, हे लक्षात घ्या.

कानात नेमकं काय होतं?

थोडं शास्त्र बघू, कारण हे कळलं की पुढचे सगळे नियम आपोआप पटतात.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांसारखी टोकं असलेल्या अतिशय नाजूक पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. आवाजाच्या लहरीने त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. शेतातल्या गवतावरून माणूस एकदा चालत गेला तर गवत वाकतं आणि पुन्हा उभं राहतं. रोज त्याच जागेवरून ये-जा झाली की पायवाट पडते, तिथे गवत उगवतच नाही. कानाचंही तसंच. एका दिवसाच्या मोठ्या आवाजाने संध्याकाळी कान बधिर होतात, झोप झाली की मोकळे होतात. पण रोज तेच झालं की पेशी मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा तयार होत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. सगळं ऐकू येणं एकदम कमी होत नाही. सगळ्यात आधी बारीक, तीक्ष्ण आवाजांचा भाग जातो, साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासचा. आपल्या बोलण्यातले स, श, त, क, फ असे हलके आणि तीक्ष्ण उच्चार याच वरच्या पट्टीत असतात. स्वर मात्र जाड आवाजात असतात, ते शाबूत राहतात. त्यामुळे माणसाला "आवाज येतो, पण शब्द कळत नाही" असं होतं. माझ्या "साठ"मधला "स" मामांच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांनी जे ऐकलं ते बरोबर केलं होतं. लक्ष माझं नव्हतं.

तिसरी गोष्ट, कानात सतत शिट्टी किंवा रातकिड्यांसारखी किरकिर. बऱ्याच कामगारांना ती रात्री झोपताना जास्त जाणवते. कामावरून सुटल्यावर कुणी "कानात गुंईं वाजतंय" म्हणालं, तर ती पहिली घंटा समजा.

हे दुखणं नवीन नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरने व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलंय, की दिवसभर तांबं ठोकून त्यांचे कान जातात आणि म्हातारपणी ते पूर्ण बहिरे होतात. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकामाची ठकठक ज्यांनी ऐकली असेल, त्यांना तो काय म्हणत होता हे लगेच समजेल.

डेसिबलचं गणित, धंद्याच्या भाषेत

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. पण हे आकडे किलो-लिटरसारखे सरळ नसतात. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. १० वाढले की दहापट. म्हणजे ९० आणि १०० यात "दहाचाच तर फरक आहे" असं म्हणू नका, कानावरचा मारा दहापट झालेला असतो.

म्हणून कानाचा हिशोब हजेरीच्या हिशोबासारखा करायचा: किती मोठा आवाज, गुणिले किती वेळ.

आपल्याकडे फॅक्टरी कायद्याखालच्या नियमांमध्ये ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरलेली आहे. पुढे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. अमेरिकेतली कामगार आरोग्याची संशोधन संस्था नायॉश मात्र जास्त कडक शिफारस करते: ८ तासांना ८५ डेसिबल, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

- ९० डेसिबल: नियमाने ८ तास, कडक मापाने सुमारे अडीच तास
- ९५ डेसिबल: नियमाने ४ तास, कडक मापाने पाऊण तासाच्या आसपास
- १०० डेसिबल: नियमाने २ तास, कडक मापाने १५ मिनिटं
- १०५ डेसिबल: नियमाने १ तास, कडक मापाने ५ मिनिटंसुद्धा नाही
- ११५ डेसिबल: नियमाने १५ मिनिटं, कडक मापाने अर्ध्या मिनिटापेक्षा कमी

आता तुमच्या हातातला चार इंची ग्राइंडर. लोखंडावर चालताना तो सहज ९५ ते १०५ डेसिबल देतो. पत्र्याचं शेड असेल तर आवाज छतावर, भिंतींवर आपटून परत येतो. आणि एकसारखी दोन मशीन शेजारी चालली की आणखी ३ डेसिबल वाढतात, चार चालली की ६.

माझा सल्ला विचाराल तर कायद्याचा आकडा इन्स्पेक्टरसाठी ठेवा आणि कानासाठी ८५ चा आकडा धरा.

मोजायला महागडं मीटर लगेच घ्यायची गरज नाही. साधी चाचणी करा. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना तुम्हाला आवाज चढवावा लागतोय का? मग तिथे ८५ च्या वर आहे असं समजून चाला. मोबाइल ॲपने अंदाज येतो, पण फोनप्रमाणे आकडा बदलतो, म्हणून ॲपचा आकडा कोर्टात दाखवायचा नाही, फक्त "कुठे जास्त, कुठे कमी" हे बघायचं. युनिट मोठं झालं की मात्र रीतसर मोजणी करून घ्या.

पहिली चूक: थेट इअरप्लगपासून सुरुवात

आपल्याकडे सुरक्षेचं नाव निघालं की मालक इअरप्लगचं पाकीट आणतो, टेबलावर टाकतो आणि म्हणतो, "घाला रे सगळे." झाली सुरक्षा! पण इअरप्लग हा शेवटचा उपाय आहे. आधी आवाज तयारच कमी होईल असं बघायचं, मग तो पसरणार नाही असं, मग माणसाचा वेळ कमी करायचा, आणि उरलेल्यासाठी प्लग.

इथेच तुम्ही, म्हणजे अजून धंदा सुरू न केलेले मित्र, माझ्यापेक्षा नशीबवान आहात. चालू शेडमध्ये कॉम्प्रेसर हलवायचा म्हटलं की पाइप, वायर, फाउंडेशन, दोन दिवसांचं काम बंद. कागदावरच्या शेडमध्ये तो हलवायला फक्त खोडरबर लागतं. मशीन कुठलं आणि कुठे, हे ठरतं त्याच आठवड्यात पुढच्या वीस वर्षांचे कान ठरतात.

फॅब्रिकेशनचंच उदाहरण घेऊन बघू.

*खरेदी करताना.* कोटेशन मागवताना किंमत, एचपी, वॉरंटी यांच्या रांगेत "आवाज किती डेसिबल?" हा कॉलमही टाका. चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात आकडा असतो. दगडी चाकाच्या कटिंग मशीनऐवजी बँडसॉ घेतलात तर सुरुवातीला पैसे जास्त जातात, पण आवाज खूपच कमी होतो, ठिणग्या आणि धूळही नाही, आणि कापलेली कड घासावी कमी लागते.

*काम कमी करूनच आवाज कमी.* ग्राइंडिंग का करावं लागतं? कारण वेल्डिंगवर स्पॅटर पडतो, स्लॅग असतो, कापलेली कड वाकडी असते. जाड प्लेट बाहेरून लेझर किंवा प्लाझ्मावर जॉबवर्कने कापून आणली की निम्मं घासणं वाचतं. जिथे जमेल तिथे रॉडऐवजी मिग वेल्डिंग केलं की स्लॅग ठोकायचं काम जातं. वेल्डरला नीट सेटिंग शिकवलं की स्पॅटर कमी. ह्यात कान वाचतो, चाकं वाचतात आणि मजुरीही वाचते.

*लोखंड वाजू देऊ नका.* मोकळी प्लेट ग्राइंडरखाली घंटेसारखी वाजते. ती टेबलाला क्लॅम्प करा, वर वाळूची पिशवी ठेवा. आवाज तिथल्या तिथे दबतो. भंगार टाकायच्या ड्रमला आतून जुन्या कन्व्हेयर बेल्टचा किंवा टायरचा रबर लावा. तुकडे फेकू नका, सोडा.

*हवेचा आवाज.* कॉम्प्रेसर शेडच्या बाहेर, छोट्या आडोशात ठेवा. हवा खेळती राहील एवढी जागा हवीच, नाहीतर तो तापून बसेल. साफसफाईसाठी उघडी नळी फुंकू नका, कमी आवाजाचं नोझल मिळतं ते लावा. न्यूमॅटिक सिलिंडरच्या एक्झॉस्टला बोटाएवढा सायलेन्सर बसतो. किंमत किरकोळ, फरक मोठा.

*देखभाल.* बेअरिंग गेलेलं, गार्ड सैल झालेला, फाउंडेशनचा बोल्ट ढिला. मशीन ओरडायला लागलं की ते तुम्हाला काहीतरी सांगत असतं. आवाज कमी करणं आणि मशीनचं आयुष्य वाढवणं ही बऱ्याच वेळा एकच गोष्ट असते.

*जागा.* ग्राइंडिंगचा कोपरा वेगळा करा. तीन बाजूंनी विटांची भिंत असेल तर उत्तम. अंतर हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. बंद शेडमध्ये एवढे होत नाहीत, तरी फायदा होतो. एक जण घासतोय आणि शेजारी दोघं मार्किंग करतायत, हे दृश्य बंद करा. त्या दोघांचे कान फुकट जातायत.

आणि हो, भिंतीला थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावायच्या भानगडीत पडू नका. त्याने आवाज फारसा शोषला जात नाही, आणि ठिणग्या उडणाऱ्या शेडमध्ये आगीला आमंत्रण मिळतं. लावायचंच तर छिद्रांच्या पत्र्यामागे ग्लास वूल किंवा रॉक वूल लावा.

*वेळ.* दिवसभर थोडं थोडं घासत बसण्यापेक्षा ग्राइंडिंगची ठरावीक वेळ ठेवा, माणसं आलटून पालटून लावा. त्या वेळेत ज्यांचं तिथे काम नाही त्यांना बाहेरच्या कामाला पाठवा.

आता प्लग आणि मफ, पण नीट

एवढं करूनही ८५ च्या वर राहिलं तर कानाला झाकण हवंच. बाजारात तीन प्रकार मिळतात: फोमचे वापरून टाकायचे प्लग, धुऊन परत वापरायचे सिलिकॉनचे दोरीवाले प्लग, आणि हेडफोनसारखे दिसणारे इअरमफ. घेताना आयएस ९१६७ हे भारतीय मानक किंवा एनआरआर हा आकडा बघा.

पण एनआरआर २९ लिहिलंय म्हणून १०० मधून २९ वजा करून ७१ धरू नका. तो आकडा प्रयोगशाळेतला आहे. शेडमध्ये घाम असतो, घाई असते, अर्धवट घातलेला प्लग असतो. वापरात धरायचा हिशोब असा: एनआरआरमधून ७ वजा करा, उरलेलं निम्मं करा. २९ वजा ७ म्हणजे २२, त्याचं निम्मं ११. म्हणजे १०० डेसिबलच्या जागी कानात ८९ पोचतात असं समजा. म्हणूनच आधी मशीनपाशी आवाज कमी करा म्हणतोय. प्लग आणि मफ दोन्ही एकत्र घातले तर आकड्यांची बेरीज होत नाही, साधारण ५ डेसिबलचा जादा फायदा मिळतो.

फोमचा प्लग घालायची पद्धत पहिल्या दिवशी स्वतः करून दाखवा:

१. हात साबणाने धुवा. तेलकट हाताने प्लग वळला की कानात घाण जाते आणि कान पिकतो.
२. प्लग बोटांत वळून बारीक वातीसारखा करा.
३. डोक्यावरून दुसरा हात नेऊन कान वर आणि मागे ओढा. कानाची नळी सरळ होते.
४. प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत, अर्धा मिनिटभर, बोटाने धरून ठेवा.
५. आता बोलून बघा. स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा आला पाहिजे. नाही आला तर काढा, परत घाला.

मफ घालायला सोपा असतो, पण उन्हाळ्यात पत्र्याखाली तो दिवसभर सहन होत नाही. शिवाय चष्म्याची काडी, दाढी, टोपी, डोक्यावरचा पदर किंवा कानातले झुमके यांच्यामुळे गादी नीट टेकत नाही आणि फटीतून आवाज घुसतो. त्यामुळे एकच प्रकार सगळ्यांवर लादू नका. दोन-तीन प्रकार आणा आणि ज्याला जो सोसतो तो निवडू द्या. निवडलेली वस्तू माणूस वापरतो, दिलेली वस्तू खिळ्याला टांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "दिवसभर घातलाच होता, मध्ये थोडा वेळ काढला," असं प्रत्येक जण म्हणतो. समजा प्लग ३० डेसिबल अडवतो. आठ तासांतले फक्त ४८ मिनिटं, म्हणजे दहा टक्के वेळ, तो काढला, तर दिवसभराचा फायदा ३० वरून १० च्या आसपास घसरतो. पाण्याच्या टाकीला एकच भोक असलं तरी टाकी रिकामी होते, तसंच हे. म्हणून प्लग आवाजाच्या आत शिरण्याआधी घालायचा आणि आवाजाच्या बाहेर आल्यावरच काढायचा.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कळवणं बंधनकारक असलेला आजार होता. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातही तो व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होता. सलग सहा महिने तुमच्याकडे त्या प्रकारचं काम केलेल्या माणसाचा दावा उभा राहू शकतो. तो ईएसआयमध्ये असेल तर ती व्यवस्था आहे. नसेल तर भरपाईचा भार मालकावर येतो. २०२५ मध्ये जुन्या कायद्यांची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली, त्यामुळे तुमच्या कामगारसंख्येला कुठलं कलम लागू होतं हे सल्लागाराकडून किंवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयातून तपासून घ्या.

"माझ्याकडे चारच माणसं आहेत, मला कायदा लागत नाही," असं म्हणणारे खूप भेटतात. लागत नसेलही. पण कान हजेरीपत्रक बघून खराब होत नाही.

बॅचमध्ये नेहमी येणारे प्रश्न

*"सर, माणसांना सवय होते ना आवाजाची?"*
सवय होत नाही, ऐकू येणं कमी होतं. "आधी त्रास व्हायचा, आता काही वाटत नाही" असं जुना कामगार म्हणाला, तर आनंद मानू नका, त्याला तपासणीला पाठवा.

*"कापसाचा बोळा चालेल का?"*
नाही. साधा कापूस फारच थोडा आवाज अडवतो, आणि घातल्याचं समाधान मात्र पूर्ण देतो. तेच धोक्याचं आहे.

*"पोरं इअरफोन लावून गाणी ऐकतात, त्याने कान झाकला जातो की!"*
उलट होतं. ग्राइंडरवर मात करण्यासाठी ते गाण्याचा आवाज आणखी वाढवतात. वरून हाक ऐकू येत नाही ते वेगळंच. इअरफोन बंद, हा नियम मालकासकट सगळ्यांना.

*"प्लग घातला तर हाक कशी ऐकू येणार?"*
योग्य प्रश्न आहे. गरजेपेक्षा जास्त जाड संरक्षण घेऊ नका, कानात पोचणारा आवाज ७० च्या खाली नेला तर माणूस एकटा पडतो. धोक्याच्या सूचनेसाठी हॉर्नसोबत फिरता दिवा लावा, हाताच्या खुणा ठरवा. आणि माल उतरवताना मशीन बंद. हा नियम आमच्याकडे त्या पाइपच्या दिवसापासून आला.

*"आमचा पेंटिंगचा धंदा आहे, आवाज नाही."*
थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रावणं असतात. त्यांच्या वाफेनेही ऐकण्यावर परिणाम होतो, आणि जोडीला मोठा आवाज असेल तर नुकसान आणखी वाढतं. फॅब्रिकेशन आणि पेंटिंग एकाच शेडमध्ये असेल तर हवा खेळती ठेवा, मास्क द्या.

*"यंत्रमाग, पिठाची गिरणी, मसाला कांडप, फर्निचर, साउंड सिस्टीम, यांना हेच लागू?"*
तंतोतंत. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीत यंत्रमागाच्या शेडमध्ये पाच मिनिटं उभं राहून बघा, तिथली माणसं ओठांकडे बघून बोलतात. मशीन वेगळं असेल, कान तोच आहे.

तपासणी: भरतीच्या दिवशी एक, मग दरवर्षी एक

प्रत्येक नव्या माणसाची कामावर घेताना ऑडिओमेट्री करा. काही शे रुपयांचं काम आहे. त्यामुळे तो तुमच्याकडे आला तेव्हा त्याचे कान कसे होते याची नोंद राहते, त्याच्या भल्यासाठी आणि तुमच्याही. पुढे दर वर्षी एकदा. तपासणीआधी किमान १४ तास तरी माणूस मोठ्या आवाजापासून लांब हवा, म्हणून सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाळी सुरू व्हायच्या आधी न्या.

आणि एक हात जोडून विनंती. आलेखात घसरण दिसली म्हणून कुणाला कामावरून काढू नका. एकदा असं झालं की पुढचा माणूस तपासणीत खोटं बटण दाबेल आणि तुम्हाला कधीच काही कळणार नाही. त्याची जागा बदला, त्याचा प्लग तपासा, तो कोपरा तपासा.

शेड सुरू करण्याआधीची यादी

- पीएमईजीपी किंवा सीएमईजीपीचा प्रोजेक्ट रिपोर्ट करताना मशिनरीखाली "आवाज नियंत्रण व सुरक्षा साधने" अशी वेगळी ओळ टाका. नंतर खिशातून काढायला जड जातं.
- प्रत्येक मशीनच्या कोटेशनमध्ये डेसिबलचा आकडा मागा.
- लेआउटवर कॉम्प्रेसर बाहेर आणि ग्राइंडिंगचा कोपरा वेगळा दाखवा.
- दोन-तीन प्रकारचे प्लग-मफ आणा. फोमची जोडी चहाच्या भावात येते, कंजुषी करू नका.
- आवाजाच्या कोपऱ्याच्या सुरुवातीला पाटी लावा आणि पाटीखालीच प्लगचा डबा ठेवा. डबा ऑफिसच्या कपाटात असेल तर कुणी आणायला जात नाही.
- भरतीच्या दिवशी ऑडिओमेट्री, आणि रिपोर्टची फाइल.
- सगळ्यात महत्त्वाचं, त्या कोपऱ्यात मालक शिरला तर त्याच्याही कानात प्लग.

शेवटचा मुद्दा मी अनुभवाने लिहितोय. मी वर्षभर "प्लग घाला" म्हणून ओरडत होतो आणि स्वतः तसाच आत-बाहेर करत होतो. ज्या दिवशी मी दारात थांबून प्लग घातले आणि मगच आत गेलो, त्या आठवड्यापासून पोरं न सांगता घालायला लागली.

मामांना नंतर आम्ही मार्किंग आणि फायनल चेकिंगला बसवलं, आवाजापासून लांब. श्रवणयंत्रही घेतलं. त्याने आवाज मोठा होतो, पण गेलेले उच्चार पूर्ण परत येत नाहीत, हे ते स्वतः सांगतात. मी त्यांची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर, कारण बोललो होतो सगळ्यांसमोर. त्यांनी कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणाला मालक?" मला ते परत, जवळ जाऊन, सावकाश म्हणावं लागलं.

मित्रांनो, तुमच्या शेडमध्ये ही वेळ येऊ देऊ नका. आज संध्याकाळी एवढंच करा: लेआउटचा कागद काढा आणि सगळ्यात मोठा आवाज करणाऱ्या मशीनभोवती लाल गोल करा. मग विचारा, याच्या शेजारी रोज आठ तास कोण उभं राहणार आहे?

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, माणसं सांभाळा.